पिंड देणारा आणि जमीन घेणारा

श्राद्धात जो पिंड देतो, जमीन त्याचीच का? शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनीला भाव आला आणि खर्डीकडच्या घरांतही बहिणीच्या सहीला किंमत आली.

बंगालच्या जीमूतवाहनाने वारसा पिंडाशी बांधला: मृताचे पारलौकिक हित ज्याच्या हातून अधिक, तो जवळचा वारस. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या विज्ञानेश्वराने मात्र ‘मिताक्षरे’त रक्तसंबंध धरला, मुलाचा हक्क जन्मानेच. महाराष्ट्र बहुतांशी त्याच्याच वाटेने चालला. पण रक्तच धरायचे, तर मुलगी वगळली कशी? हा तर्क शतकानुशतके कुणी पुरा केला नाही. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून केला, केंद्राने २००५ मध्ये.

कायद्याने मुलीला हक्क तर दिला. उरले हक्कसोडपत्र. माहेर तुटेल या धास्तीने बहीण सही करते, भाऊ त्याला माया म्हणतो. नकाराची मुभा नसेल तर तो त्याग कसला?

पण याच शहापूर तालुक्यातल्या ठाकूर, कातकरी वाड्यांना १९५६चा हिंदू वारसा कायदा लागूच नाही. कलम २(२) अनुसूचित जमातींना वगळते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला, तो राज्यघटनेतील समतेच्या आधारे.