पहिले शील आणि पुरुषांची गोळी



संततिनियमनाचा भार आजही बहुतेक घरांत स्त्रीच उचलते. पुरुषांसाठी गोळी निघाली तर तो वाटून घेता येईल. पण अशी गोळी माणसाआधी उंदरांना, माकडांना दिली जाते आणि तपासणीसाठी त्यातले बरेच प्राणी मारले जातात. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील घेणाऱ्यांनी याकडे कसे पाहावे?

"औषध वनस्पतीपासून केले आहे, मग चाचणी कशाला?" असे काही जण म्हणतात. विदर्भातून आलेल्यांना सरकी ठाऊक आहे. किडीपासून बचावासाठी कपाशी गॉसिपॉल नावाचे द्रव्य तयार करते, तेच सरकीत असते. १९७० च्या दशकात चीनमध्ये हजारो पुरुषांना ते गर्भनिरोधक म्हणून देण्यात आले. शुक्रजंतू घटले, पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम धोकादायकरीत्या उतरले, तर काहींची प्रजननक्षमता औषध थांबवूनही परतली नाही. वनस्पतीचे म्हणून निरुपद्रवी, हा समज खरा नाही. चाचणी टाळली म्हणून धोका टळत नाही; तो माणसाच्या, बहुधा गरीब माणसाच्या अंगावर येतो.

मात्र प्राणी मारले म्हणजे सत्य हाती आले, असेही नाही. हेच गॉसिपॉल उंदरांची प्रजननक्षमता घटवते, सशांवर तसा परिणाम करत नाही.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी भेद केला. ही सवलत नव्हे. नियम पाळला की विचार थांबतो. तत्त्व दर वेळी विचारते, गरज खरी आहे का? पर्याय शोधला का? प्राण्यांची संख्या, त्यांच्या वेदना कमी केल्या का? रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये हेच मांडले. अमेरिकेनेही २०२२ च्या कायद्याने नव्या औषधासाठी प्राणिचाचणीची सक्ती काढून पेशींवरील व संगणकीय चाचण्यांना वाट दिली.

गरजेचा प्रश्न आपणा पुरुषांनाही लागू आहे. निरोध आणि नसबंदी आजही उपलब्ध आहेत. नसबंदी उलटवण्याची खात्री नसते, म्हणून थांबवता येणाऱ्या औषधाची गरज खरी आहे. पण ज्यांना आणखी मूल नको, त्यांनीही पत्नीलाच शस्त्रक्रियेला पाठवायचे आणि नव्या गोळीची वाट पाहायची, ही गरज नव्हे, सोय आहे. आपल्या सोयीसाठी एकही जीव जाऊ नये, इतके तरी पहिले शील आपल्याकडून मागते.

नमो बुद्धाय.