उद्याची धास्ती

सारायेव्होत 28 जून 1914 रोजी आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली आणि 4 ऑगस्टपर्यंत ब्रिटनसह युरोपातल्या पाच मोठ्या सत्ता युद्धात उतरल्या होत्या. एका ठिणगीने दारूचे कोठार पेटले, असे आपण शाळेपासून वाचत आलो. पण 1908 मध्ये बोस्नियावरून आणि 1911 मध्ये मोरोक्कोवरून सत्तांची जुंपण्याची वेळ आली होती; 1912 आणि 1913 मध्ये तर बाल्कनमध्ये प्रत्यक्ष युद्धे झाली. तेव्हा कोठार का पेटले नाही? म्हणून खरा प्रश्न ठिणगीचा नाही. थांबण्यापेक्षा लढणे बरे, असे 1914 च्या उन्हाळ्यात बर्लिनला आणि व्हिएन्नाला का वाटले, हा आहे. माझे उत्तर असे, की मोठ्या सत्तांना युद्धात ढकलण्यात विजयाच्या खात्रीपेक्षा, काळ आपल्या विरुद्ध चालला आहे या धास्तीचा वाटा मोठा असतो.

जर्मनी तेव्हा दुबळा नव्हता. पोलाद आणि रसायने या उद्योगांत त्याने ब्रिटनला मागे टाकले होते. तरीही सेनाप्रमुख मोल्टके यांची नजर रशियावर खिळलेली होती. 1905 मध्ये जपानकडून हरलेला हा देश आता फ्रेंच कर्जावर पश्चिम सरहद्दीकडे लोहमार्ग टाकत होता आणि त्याचा नवा लष्करी कार्यक्रम 1917 च्या सुमारास पुरा व्हायचा होता. जर्मनीची युद्धयोजना मात्र एका गृहीतावर उभी होती: रशियाला सैन्य जमवायला सहा आठवडे तरी लागतील, तेवढ्यात फ्रान्सला लोळवायचे. रशियात पडणाऱ्या प्रत्येक नव्या रुळाबरोबर ही मुदत आखडत होती. युद्ध अटळ आहे आणि जितके लवकर तितके बरे, असे मोल्टके यांनी डिसेंबर 1912 मध्येच कैसरपुढे मांडले होते. 5 जुलै 1914 रोजी बर्लिनने व्हिएन्नाला बिनशर्त पाठिंबा दिला, त्यामागे हा हिशेब होता.

यावर आक्षेप येतो की हे सारे नंतर जुळवलेले आहे, राज्यकर्ते प्रत्यक्षात झोपेत चालत गेले. इतिहासकार ख्रिस्तोफर क्लार्क यांच्या 2012 मधल्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातच ही प्रतिमा आहे, आणि दोष एकट्या जर्मनीचा नव्हता हे त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. पण 28 जुलैच्या सकाळी काय घडले ते पाहा. ऑस्ट्रियाच्या निर्वाणीच्या इशाऱ्याला सर्बियाने दिलेले उत्तर वाचून कैसर विल्हेल्म यांनी लिहिले की आता युद्धाचे कारणच उरले नाही. ऑस्ट्रियाने बेलग्रेड ताब्यात घेऊन तिथेच थांबावे. चान्सलर बेथमान-होल्वेग यांनी हा प्रस्ताव व्हिएन्नाला पाठवला तो उशिरा, आणि त्यातून नेमके युद्धाची गरज नसल्याचे विधान गाळून. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. झोपेतला माणूस अशी निवडून काटछाट करत नाही. रशियातही तेच, फक्त मोजमाप वर्षांऐवजी दिवसांचे. झारने 29 जुलैच्या रात्री सार्वत्रिक सैन्यजमवणीचा हुकूम मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी, उशीर झाला तर सर्वनाश होईल असे परराष्ट्रमंत्री साझोनोव यांनी पटवल्यावर, तो पुन्हा दिला.

जपानचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. अमेरिकेने जुलै 1941 मध्ये जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टपासून तेल तोडले. जपानच्या तेलापैकी सुमारे चार पंचमांश तिथून येत होते, आणि आरमाराचा साठा दोनेक वर्षांचा. दर दिवशी टाकी रिकामी होत होती. त्याच ऑगस्टमध्ये टोकियोच्या सरकारी संपूर्ण-युद्ध संशोधन संस्थेतील तरुण अधिकाऱ्यांनी युद्धाची तालीम कागदावर केली आणि जपान हरणार, असा निष्कर्ष सरकारपुढे ठेवला. युद्धमंत्री तोजो यांनी तो टेबलावरचा अभ्यास म्हणून बाजूला सारला. पराभवाचा अंदाज हाती असताना डिसेंबरमध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. माघार घेऊन चीनमधून सैन्य काढणे हा मार्ग होता, पण तो नेतृत्वाला मरणासारखाच वाटला.

मग घसरणीला लागलेली प्रत्येक सत्ता लढते का? नाही, आणि हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. 1895 मध्ये व्हेनेझुएलाच्या सीमेवरून अमेरिकेने ब्रिटनला दटावले, तेव्हा लंडनने लवाद मान्य केला. 1901 मध्ये त्याने मध्य अमेरिकेतल्या नियोजित कालव्यावरचा आपला हक्कही सोडला. अमेरिका पुढे जाणार हे ब्रिटनला दिसत होते. पण तिच्याशी युद्ध अटळ आहे असे मानणारे तिथे सत्तेवर नव्हते. म्हणजे धास्ती पुरेशी नाही. संघर्ष टळणार नाही आणि संधीचे दार लवकरच बंद होणार, या दोन समजुती तिला मिळाल्या की ती घातक होते. आणि या दोन्ही समजुती माणसांनी केलेले अंदाज असतात.

आज अण्वस्त्रांमुळे हिशेब अवघड झाला आहे, हे खरे. तारखा मांडणे मात्र थांबलेले नाही. तैवानवरचा धोका येत्या सहा वर्षांत प्रत्यक्षात येऊ शकतो, असे अमेरिकेचे ॲडमिरल फिलिप डेव्हिडसन यांनी मार्च 2021 मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले, आणि 2027 हे साल चर्चेत रुजले. चीनचा चढ संपत आला, म्हणून तो घाई करील, असेही काही अभ्यासक मांडतात. असे साल कोणी मंत्री किंवा सेनापती आपल्यापुढे ठेवील, मग ते तैवानचे असो वा आपल्या हिमालयातल्या सीमेचे, तेव्हा वाचकांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत: हे साल कशावरून काढले, आणि त्यानंतरही थांबलो तर नेमके काय बुडणार आहे?