म्हातारपणाचे चलन

अमेरिकेत नोकरी बदलली तेव्हा जुन्या कंपनीच्या ४०१-के या निवृत्तियोजनेतली रक्कम मी आयआरए या वैयक्तिक निवृत्तिखात्यात वळवली आणि काम उरकले असे समजून चार वर्षे तिकडे फिरकलो नाही. ती चार वर्षे पैसे रोखीतच पडून होते. नंतर न्यू जर्सीतल्या मराठी मित्रांशी बोलताना कळले की हा प्रकार एकट्या माझा नव्हता.

कंपनीच्या योजनेत ज्याने काहीच निवडले नाही त्याचे पैसे, २००६ च्या पेन्शन संरक्षण कायद्यानंतर, बहुधा वयाप्रमाणे मिश्रण बदलणाऱ्या ‘टार्गेट डेट’ फंडात जातात. आयआरएमध्ये तुमच्या वतीने असे कोणी ठरवत नाही. १९७४ च्या ‘एरिसा’ कायद्याने हे खाते आणले ते मुख्यतः कंपनीची पेन्शन नसलेल्यांसाठी. पुढे खासगी नोकरीतली ठरलेली पेन्शनच विरळ झाली आणि बाजाराची जोखीम मालकाकडून नोकरदाराकडे आली. मला हा अन्याय वाटतो. दिवसभर रुग्णांची शुश्रूषा करून घरी आलेल्या परिचारिकेने रात्री रोख्यांचा अभ्यास करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून निवड सोपी असावी आणि स्वस्त असावी. जॉन बोगल यांनी १९७६ साली सामान्य गुंतवणूकदारासाठी निर्देशांक फंड आणला, त्यामागचे गणित आजही तेच आहे. एक लाख डॉलर तीस वर्षे सहा टक्क्यांनी वाढले तर सुमारे ५ लाख ७४ हजार होतात. दरवर्षी एक टक्का शुल्कात गेला तर ४ लाख ३२ हजार. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण म्हातारपणाचा चौथा हिस्सा त्यात जातो.

या खात्याचे काही नियम निवडीला वळण देतात. आयआरएमधल्या शेअरवर तोटा झाला तर करात त्याची वजावट मिळत नाही, म्हणून नशीब आजमावण्याची ही जागा नव्हे. उलट महागाईनुसार मुद्दल वाढणारे सरकारी रोखे इथे शोभतात; बाहेर ठेवले तर हातात न आलेल्या त्या वाढीवरही दरवर्षी कर लागतो. आपल्याच कंपनीच्या शेअरांचा मोह मात्र आमच्या लोकांना फार. २००१ साली एन्रॉन बुडाली तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीतला निम्म्याहून अधिक पैसा एन्रॉनच्याच शेअरांत होता. पगार आणि म्हातारपण दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले.

इथवरचे सारे कोणत्याही अमेरिकी माणसाला लागू आहे. आमचा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो: औषधे, भाडे, मदतनिसाचा पगार हे सगळे शेवटी कुठल्या चलनात द्यायचे? भारतात परतायचे ठरले तर खर्च रुपयांत आणि महागाई तिथली. २००५ मध्ये डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, आज ८५ च्याही वर आहे. त्यामुळे ‘डॉलर आपल्याला तारेलच’ असे अनेक जण धरून चालतात. पुढची वीस वर्षे तसेच होईल यावर सगळे सोडणे मला धोक्याचे वाटते. मग कोणी भारतातले म्युच्युअल फंड थेट घेतो आणि अमेरिकी करकायद्याच्या जाचक नियमांत अडकतो. त्यापेक्षा अमेरिकेत नोंदवलेला, भारतीय शेअरांचा निर्देशांक धरून चालणारा फंड आयआरएमध्येच थोडा ठेवता येतो. परतल्यावरची एक अडचण भारताच्या २०२१ च्या वित्त कायद्याने सोडवली: कलम ८९ए मुळे अशा खात्यातल्या वाढीवर दरवर्षी कर भरण्याऐवजी पैसे काढताना भरण्याचा पर्याय मिळाला.

तरी ज्याने त्र्याहत्तरी गाठली त्याला पारंपरिक आयआरएतून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते, बाजार पडलेला असला तरी. त्यामुळे दोन-तीन वर्षांची उचल भागेल इतका पैसा स्थिर रोख्यांत हवाच, मग माणूस एडिसनमध्ये असो की सांगलीत.

आमच्या घरी उत्तर अजून ठरलेले नाही. पत्नीला नाशिकला जायचे आहे, मुलगी बोस्टनला राहते. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी बसून खाते उघडले, रोख रक्कम जगभरच्या शेअरांच्या एका स्वस्त फंडात आणि रोख्यांत वाटली, आणि भारतीय फंडाचा रकाना तूर्त दहा टक्क्यांवर ठेवला. नाशिकचे नक्की झाले की तो आकडा बदलायचा, असे तिने वहीत लिहून ठेवले आहे.