मत हे दान की ठेव?

वारकरी सज्जनहो, निवडणूक आली की 'मतदान' हा शब्द कानी सारखा पडतो. शब्द रूढ आहे. पण दान कशाला म्हणावे? शास्त्रकार सांगतात, वस्तूवरचे आपले स्वामित्व सोडून ते दुसऱ्याचे करावे, त्याचे नाव दान. गाय दान दिली. मग तिचे दूध कोणी काढले, हे दात्याने विचारायचे नसते. मताचे असे आहे काय? बोटाला शाई लागली, की आपला गावाशी संबंध संपला?

आमच्या अल्पमतीप्रमाणे मत ही ठेव आहे. धर्मशास्त्रात व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत निक्षेप, म्हणजे ठेव, हे स्वतंत्र पद आहे. ठेवीवरचा धन्याचा हक्क जात नाही. घेणाऱ्याने ती सांभाळावी व मागताच हिशेब द्यावा. स्मृतिकार तर म्हणतात, ठेव परत न करणारा आणि ठेव न ठेवताच मागणारा, दोघेही चोरासारखे दंडास पात्र! मतदानादिवशी घरी बसून पुढे पाच वर्षे कुरकुरणाऱ्याने हे नीट ऐकावे. आणि ठेव घेणाऱ्याकडूनच पैसे घेतले, तर ती ठेव राहिली कुठे? ती विक्री झाली. विकलेल्या मालाचा हिशेब कोण देतो?

आमच्या जालन्यातला मस्तगड पाहा. अठराव्या शतकात निजामाच्या अमदानीत ही गढी बांधली गेली. तेथून हुकूम सुटायचा, रयतेने मान तुकवायची. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या मोलमजुरी करणाऱ्या बायाबापड्यांनाही मत मिळाले. त्याच गढीत पुढे लोकांनी निवडलेल्या नगरपालिकेची कचेरी आली. २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि १५ जानेवारी २०२६ ला तिची पहिली निवडणूक झाली. गढीचा धनी बदलला, बाबांनो! आता धनी आपण. पण धनीच झोपला, तर राखणदाराला काय बोल लावायचा?

आता तुम्ही म्हणाल, "महाराज, आपण माळकरी माणसं. आपल्याला या भानगडी कशाला?" तर ऐका. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार भुकेल्यांसाठी उघडले. गाडगेबाबा १९५६ साली देह ठेवीपर्यंत दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. गाव झाडणे हे कोणाचे काम, असे विचारीत ते बसले नाहीत. खुर्ची न मागताही लोकांचे काम करता येते, ते असे.

इथे एक मर्म आहे. मताची ठेव दुसऱ्याकडे ठेवता येते, भूतदयेची ठेवता येत नाही. "नगरसेवक निवडून दिला, आता तो पाहील," असे म्हणून शेजारच्या म्हातारीचा हंडा भरत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना पाण्यासाठी तळमळत होते, तेव्हा घाणेवाडीच्या तलावातला गाळ काढायला लोकच पुढे सरसावले. हिशेबही मागावा आणि हातही लावावा. एकाने दुसरे सुटत नाही.

मग करायचे काय? आपल्या गल्लीतल्या विधवेचा निराधार योजनेचा अर्ज भरून द्या. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पोराचे नाव यादीत घाला. खेड्यात असाल तर ग्रामसभेला जा. रस्त्याचा पैसा कुठे गेला हे कळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साधा अर्ज करून विचारा. विचारताना जीभ गोड ठेवा, पण विचारा.

आणि निकालानंतर ज्याने दुसऱ्या चिन्हावर बटण दाबले, त्याच्या घरचे पाणी तोडू नका. दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा समोरच्याचा पक्ष विचारतो काय? वाळवंटात जो विठ्ठल त्याच्या ठिकाणी दिसला, तो गल्लीत आल्यावर कुठे जातो? गुलाल दोन दिवसांत धुऊन जाईल; शेजार जन्माचा आहे.

अस्तु. ठेव जागेपणी ठेवावी, जागेपणी सांभाळून घ्यावी, आणि शेजाऱ्याचा हंडा आपल्या हाताने उचलावा. रामकृष्ण हरि.