स्वभावाला औषध नाही का?

“आमच्या घराण्याचाच राग आहे, आजोबाही असेच होते.” मुलाला किंवा सुनेला टाकून बोलल्यावर हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! पूर्वी दोष ग्रहांच्या माथी मारला जाई, आता जनुकांच्या. पण जनुकांचा अधिकार नेमका कुठवर चालतो?

हे समजून घ्यायला भिलाईच्या मैत्रीबागेसारखी जागा नाही. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ साली भिलाई स्टील प्लांटने उभारलेले हे प्राणिसंग्रहालय पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे. अशा वाघांच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या. तरी वाघ मूत्राचे फवारे मारून आपली हद्द आखतो, बछडे दबा धरून एकमेकांवर झेपावतात. जंगल त्यांनी पाहिलेले नाही; ओढ रक्तातच आहे. कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ नाही का वसंतात कुहूच म्हणत? म्हणून वाघाने हरीण मारले तर त्याला पाप लागत नाही.

आता त्याच वाघाच्या रंगाची कथा पाहा. १९५१ साली रीव्याचे महाराज मार्तंड सिंह यांनी एक पांढरा बछडा पकडला. त्याचे नाव मोहन. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्ले पिवळीच निघाली, कारण पांढऱ्या रंगाचे जनुक आई आणि बाप दोघांकडून यावे लागते. तेव्हा मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावली गेली आणि १९५८ मध्ये चार पांढरी पिल्ले जन्मली. पुढेही जवळच्या नात्यांतच जोड्या जुळवल्या गेल्या. या वाघांत डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची जोडणी चुकलेली असते. कित्येक तिरळे दिसतात. यात मोहनने काय निवडले? काहीच नाही. निवड माणसाने केली, रंग डोळ्यांना सुखावतो म्हणून. ती करायला त्याला कोणत्याही जनुकाने भाग पाडले नव्हते. तो थांबू शकत होता.

थांबता येणे, एवढाच काय तो फरक. कोणाला राग लवकर येतो, कोणाला उशिरा, आणि यात आनुवंशिकतेचा वाटा आहे हे मान्य करायला हरकत नाही. उलट, दोघांना एकाच मापाने मोजू नये असेच वाटते. शीघ्रकोपी माणसाने गिळलेला एक कठोर शब्द शांत माणसाच्या दिवसभराच्या मौनाहून मोठा असू शकतो. पण राग येणे वेगळे आणि टाकून बोलणे वेगळे. मध्ये एक क्षण असतोच. जप, ध्यान, मौन ही सारी साधना त्या क्षणाला लांबवण्यासाठी आहे.

आणि जनुकेही आपण समजतो तितकी अढळ नाहीत. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांनी उंदरांच्या पिल्लांचा अभ्यास केला. आईने भरपूर चाटलेली पिल्ले मोठेपणी शांत राहात, कमी चाटलेली घाबरट होत. घाबरट वंशातली पिल्ले मायाळू आईकडे दिली, तर तीही शांत निघाली. जनुके तीच होती, पण मायेच्या स्पर्शाने काहींचे कार्य बदलले होते. त्यांतल्या माद्या पुढे आई झाल्या, तेव्हा आपल्या पिल्लांना तशाच भरभरून चाटू लागल्या.