चाळलेल्या बेसनाची वाटी

परवा मुलीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, आजीच्या चकलीची भाजणी आणि बेसनाचे लाडू, दोन्ही ग्रॅममध्ये लिहून पाठवा. माझ्याकडे काटा आहे." भाजणीचे प्रमाण घरात सर्वांना पाठ आहे: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ. वाटी कुठलीही चालते, हे तिला सांगून पाहिले. पण गणिताच्या मास्तराची मुलगी ती. तिला आकडे हवेत.

आमच्या वाटीत 200 मिलीलिटर पाणी मावते. साखर भरली तर 170 ग्रॅमच्या आसपास. तांदूळ आणि डाळीही थोड्याफार फरकाने तितक्याच. बेसनाशी आलो आणि हात थांबला.

वजन आणि माप यांचा तंटा आमच्या घरात जुना आहे. आजी देशावरची. तिचा शेर म्हणजे धान्य मोजायचे माप. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. इकडच्या बाजारात सेर म्हणजे ऐंशी तोळ्यांचे वजन, आजच्या हिशेबाने 933 ग्रॅम. हेवी इलेक्ट्रिकल्सच्या नोकरीसाठी वडील बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, तेव्हा 1956 च्या कायद्यामुळे दोन्ही शेर मोडीत निघत होते. आजीने किलो मान्य केला, पण दुकानापुरता. शेजारधर्म वाटीनेच चाले. उसने आणलेले परत करताना वाटीला शीग हवी, हा तिचा दंडक आईनेही पाळला.

1996 ची दिवाळी. मी नुकताच शिक्षक झालो होतो आणि हौसेने एक काटा घरी आणला होता. शेजारच्या भाभींनी उसने नेलेले बेसन परत आणून दिले, चांगली शीग लावून. मी ती वाटी तोलली: 92 ग्रॅम. मग आमच्या डब्यातले, बसलेले बेसन त्याच वाटीत सपाट भरून तोलले: 108. "आई, शीग नुसती दिसायला आहे. सोळा ग्रॅम कमी आलेय," असे मी मोठ्याने बोललो. भाभी अजून दारातच होत्या. इतक्या वर्षांच्या शेजाराने त्यांना मराठी उत्तम कळत असे.

"छानकर लाई हूँ, भैया. गाँठें पड़ गई थीं," एवढेच त्या म्हणाल्या.

चाळलेल्या पिठात हवा शिरते, ते फुगते, तितक्याच जागेत कमी मावते. हे मी वर्गात शिकवू शकलो असतो.

माझा आकडा खरा होता, हीच माझी अडचण आहे. खोटे बोललो असतो तर माफी मागणे सोपे गेले असते. काट्याला मी नावे ठेवणार नाही. मापाने विकणारा हलक्या हाताने भरून गरिबाला लुबाडू शकतो. किलोचा आधार गरिबालाच अधिक. वाण्याच्या दुकानात मी आजही काट्यावरची नजर हलवीत नाही, आणि त्यात वाण्याचा अपमान होतो असेही मला वाटत नाही. मग भाभींचाच का झाला? मला वाटते, वाण्याशी माझा व्यवहार तिथल्या तिथे मिटतो. भाभींशी तो मिटावा अशी कुणाचीच इच्छा नव्हती. आज त्यांची वाटी, उद्या आमची, असेच ते चालायचे होते. मी हिशेब केला आणि खाते बंद केले. बरे, हिशेब तरी पुरा कुठे होता? त्यांनी चाळण्यात घालवलेला वेळ मी कुठल्या रकान्यात धरला होता?

आईने मला काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा माझ्याच हाती देऊन शेजारी पाठवले. डबा परत आला तो गुझियांनी भरून. मात्र भाभींनी त्यानंतर आमच्याकडून काही उसने नेल्याचे मला आठवत नाही. पुढे त्या क्वार्टर सोडून गेल्या.

मुलीची यादी जवळजवळ पुरी झाली आहे. बेसनापुढची जागा तेवढी कोरी आहे. वाटी डब्यातून भरलेली धरायची की चाळून, ते आज रात्री तिला फोन करून विचारतो.