पारण्यानंतरचे व्रत

॥ श्री ॥

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी बहुतेकांचे काही ना काही व्रत चालू असते. कोणी एकादशी करतो, कोणी सोमवार, कोणी संकष्टी. कोणी नवरात्रात नऊ दिवस उपोषण करतो, तर कोणी चातुर्मासात एखादा आवडता पदार्थ वर्ज्य करतो. अलीकडे आरोग्याच्या हेतूने काही दिवस केवळ फळांवर अथवा रसांवर राहण्याची आणि त्यास ‘डिटॉक्स’ म्हणण्याची रीतही पुष्कळ घरांत पोहोचली आहे. हेतू भिन्न असले तरी या सर्वांपुढे एक प्रश्न समान उभा राहतो. नियमाचे दिवस संपल्यावर पुढे काय?

उपवासाच्या दिवशी मन सावध असते. घरातील मंडळींचे साहाय्य असते, देवाचे स्मरण असते, आणि आपण व्रतस्थ आहोत ही जाणीव क्षणोक्षणी सोबत करते. व्रत संपले की हे पहारे उठतात आणि आठ-पंधरा दिवसांत जिभेचे राज्य पूर्ववत सुरू होते. म्हणूनच आपल्या परंपरेने व्रताच्या आरंभाइतकाच त्याच्या समाप्तीचा विचार केला आणि त्या समाप्तीस ‘पारणे’ असे स्वतंत्र नाव दिले. या शब्दात पार पाडणे, पैलतीरास नेणे हा भाव आहे. नाव तीरास लागताना जो निष्काळजी राहतो, त्याने अर्धी नदी नीट ओलांडली याला फारसा अर्थ उरत नाही.

अंबरीष राजाचे पारणे

श्रीमद्भागवताच्या नवव्या स्कंधात अंबरीष राजाची कथा आहे. या राजाने राणीसह वर्षभर द्वादशीव्रत केले. वर्षाच्या अखेरीस कार्तिक मासात तीन रात्री उपोषण करून त्याने यमुनेत स्नान केले, मधुवनात श्रीहरीची पूजा केली, दाने दिली, आणि तो पारण्यास बसणार तोच दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले. राजाने त्यांना आदराने भोजनास बोलाविले. ऋषी माध्याह्नकर्मासाठी यमुनेवर गेले आणि परतण्यास त्यांना विलंब झाला. इकडे द्वादशी संपण्यास अर्धा मुहूर्त, म्हणजे सुमारे चोवीस मिनिटे उरली. अतिथीपूर्वी जेवावे तर अधर्म, आणि द्वादशी उलटू द्यावी तर व्रतभंग. विद्वानांशी विचारविनिमय करून राजाने केवळ जल प्राशन केले. जलपान हे भोजन म्हटले तर भोजन आहे आणि नाही म्हटले तर नाही, म्हणून दोन्ही धर्म राखले गेले.

पुढील भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. दुर्वासांचा कोप झाला, त्यांनी निर्माण केलेली कृत्या सुदर्शनचक्राने भस्म केली आणि ते चक्र ऋषींच्याच मागे लागले. ब्रह्मदेव, महादेव आणि स्वतः विष्णू यांच्याकडे धाव घेऊनही अभय मिळाले नाही. अखेर वर्षभराने ते अंबरीषापाशीच आले. राजाने प्रार्थना करून चक्र शांत केले, ऋषींना तृप्त होईपर्यंत भोजन घातले आणि त्यानंतर उरलेले अन्न स्वतः घेतले. ते एक वर्ष तो केवळ जलावर राहून अतिथीची वाट पाहत होता.

या कथेत भक्ताचे माहात्म्य तर आहेच. परंतु आहाराविषयीचा बोधही आहे. पहिला बोध असा की उपवास वेळेवर सोडणे हेही धर्मकृत्य आहे. न खाण्याचा हट्ट म्हणजे व्रत नव्हे. एकादशीचे पारणे द्वादशीचा पहिला चतुर्थांश, ज्याला हरिवासर म्हणतात, तो टळल्यावर आणि द्वादशी संपण्यापूर्वी करावे हा नियम त्यासाठीच आहे. दुसरा बोध असा की पारणे घोटभर पाण्यानेही होते. एवढ्या मोठ्या व्रताची सांगता करताना राजाच्या मुखी पहिल्याने गेले ते केवळ जल. आणि तिसरा बोध असा की इतक्या दीर्घ प्रतीक्षेनंतरही तो अन्नावर तुटून पडला नाही. दुसऱ्यास वाढून झाल्यावर जे उरले ते त्याने घेतले.

अग्नी हळूहळू वाढवावा

धर्मग्रंथांनी जे कथेतून सांगितले तेच आयुर्वेदाने शरीराच्या भाषेत सांगितले आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनादी शोधनानंतर आहार कसा सुरू करावा याचा क्रम दिला आहे. त्यास ‘संसर्जनक्रम’ म्हणतात. प्रथम पेया, म्हणजे तांदळाची पातळ पेज. नंतर विलेपी, म्हणजे घट्ट पेज. नंतर मीठ-स्नेह न घातलेले मुगासारख्या धान्याचे कढण. मग तेच मीठ-स्नेह घालून संस्कार केलेले. आणि अशा पायऱ्यांनी नेहमीचे अन्न. शुद्धी उत्तम झाली असेल तर हा क्रम सात दिवसांचा, मध्यम असेल तर पाच दिवसांचा आणि अल्प असेल तर तीन दिवसांचा. याचे कारण सांगताना चरकांनी लहानशा विस्तवाची उपमा दिली आहे. विझू पाहणाऱ्या ठिणगीवर मोठा ओंडका टाकला तर ती विझते. गवत, शेणी असे थोडे थोडे इंधन दिले तर तोच अग्नी पुढे सर्व काही पचविण्यास समर्थ होतो. जठराग्नीचेही तसेच आहे.

आधुनिक वैद्यकाचाही अनुभव याहून वेगळा नाही. अनेक दिवस अत्यल्प आहार घेतलेल्या माणसास एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचे प्रमाण झपाट्याने घटते आणि हृदयासही धोका पोहोचू शकतो. ८ मे १९३३ पासून महात्मा गांधींनी आत्मशुद्धीसाठी एकवीस दिवसांचे उपोषण केले. येरवडा तुरुंगात आरंभ होऊन त्याच दिवशी सुटका झाल्यावर ते पुण्यातील ‘पर्णकुटी’ या बंगल्यात पुढे चालले आणि २९ मे रोजी संत्र्याच्या रसाने सोडण्यात आले. एकवीस दिवसांच्या उपवासाचे पारणे एक पेलाभर रसाने! हे आत्मशुद्धीचे व्रत होते, आणि त्याची समाप्तीही व्रतास शोभेल अशीच झाली. त्याच गांधीजींनी १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराच्या कार्यास आरंभ केला.

एक दिवसाच्या एकादशीस सात दिवसांचा क्रम पाळण्याचे अर्थातच प्रयोजन नाही. तथापि दिशा तीच असावी. तुळशीपत्र व तीर्थ, मग मऊ भात व मुगाचे वरण अथवा खिचडी, सोबत ताक, हे सर्वसामान्य घरातील पारणे शास्त्रास धरूनच आहे. नैवेद्यास पुरणपोळी असेल तर तीही प्रसाद म्हणून अवश्य घ्यावी. मात्र ती प्रसादाच्या प्रमाणात घ्यावी, कालची भरपाई म्हणून घेऊ नये.

एकादशी आणि दुप्पट खाशी

आपल्याकडे ही म्हण विनोदाने वापरली जाते. पण ती पूर्वजांनी आपल्याच ताटाकडे पाहून केली आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, तळलेले वडे अशा पदार्थांनी उपवासाचे ताट भरून जाते. यांतील बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्यापासून आपला साबुदाणा तयार होतो तो कंद, हे सर्व दक्षिण व मध्य अमेरिकेकडून गेल्या काही शतकांत आपल्याकडे आले. ते खाऊ नयेत असे नव्हे. परंतु साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि तुपात परतल्याने तो हलका होत नाही, एवढे ध्यानात असावे. भगर, राजगिरा, रताळे, फळे, दूध, ताक यांनी उपवास अधिक सुखाचा होतो.

केवळ रसांवर राहून शरीरातील ‘विष’ बाहेर काढण्याच्या कल्पनेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. शरीरशुद्धीचे कार्य परमेश्वराने यकृत आणि मूत्रपिंड यांच्याकडे सोपविले आहे आणि ते अहोरात्र चालू असते. काही दिवसांच्या लंघनाने जिभेस शिस्त लागते, पोटास विश्रांती मिळते, हा लाभ खरा. मात्र पहिल्या काही दिवसांत काट्यावर जे वजन घटलेले दिसते ते पुष्कळसे शरीरातील पाण्याचे असते आणि नेहमीचे जेवण सुरू होताच ते परत येते. त्यामुळे कोणी निराश होतो, कोणी पुन्हा कडक लंघनाकडे वळतो, आणि उपवास व अतिभोजन यांचे रहाटगाडगे सुरू होते. यातून सुटका नव्या लंघनाने होत नाही. मधल्या साध्या दिवसांचे जेवण सुधारल्याने ती होते.

सोडलेली वस्तू परत घेताना

या बाबतीत चातुर्मासाची रीत मननीय आहे. आषाढ शुद्ध नवमीस, कांदेनवमीस, अनेक घरांत कांद्याचे पदार्थ करून कांदा बंद करतात. वांगे चंपाषष्ठीपर्यंत वर्ज्य असते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस खंडोबारायास वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवून मगच ते घरात पुन्हा खाल्ले जाते. ज्यांनी चातुर्मासात एखादी वस्तू सोडली असेल ते व्रतसमाप्तीस ती वस्तू दान करतात आणि नंतर स्वतः घेतात.

यात केवढा विचार आहे पाहावे. सोडलेली वस्तू थेट ताटात परतत नाही. ती आधी देवापुढे किंवा गरजवंताच्या हाती जाते आणि तेथून प्रसाद होऊन आपल्याकडे येते. हक्काची वस्तू हावरेपणाने खाल्ली जाते. प्रसाद हातावर घेऊन मोजका खाल्ला जातो. व्रताच्या दिवसांत जी शिस्त प्रयत्नाने आणली, ती पुढे टिकविण्याचा मार्ग हाच आहे. रोजचे ताट प्रथम श्रींच्या समोर ठेवावे. देवास दाखविण्यास संकोच वाटेल असे अन्न, अशी घाई आणि असे प्रमाण आपोआप कमी होते. दूरदर्शनसंचासमोर किंवा मोबाईल हाती धरून नैवेद्य दाखविता येत नाही. त्या निमित्ताने जेवणापूर्वी क्षणभर तरी माणूस थांबतो, आणि त्या क्षणात किती भूक आहे हे त्याचे त्याला कळते.

रोजचे ताट हेच व्रत

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की अति खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. आहार-विहार ज्याचा प्रमाणात आहे त्याचेच दुःख योगाने दूर होते. वाग्भटांनी हे प्रमाण मोजून दिले आहे. पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नास, एक भाग पातळ पदार्थास आणि एक भाग वायूच्या संचारासाठी मोकळा ठेवावा. हा चौथा मोकळा भाग म्हणजे प्रत्येक जेवणातला छोटासा उपवासच होय. महिन्यातून दोन एकादशा करणाऱ्यास उरलेल्या अठ्ठावीस दिवसांत हा उपवास घडला, तर त्याचे व्रत अखंड राहिले असे म्हणता येईल.

वारकरी संप्रदायाने हेच आचरणात आणून दाखविले. वारकरी एकादशी करतो. पण त्याचे व्रत द्वादशीस संपत नाही. गळ्यातील तुळशीची माळ त्याच्यासोबत शेतात, बाजारात, पंगतीत सर्वत्र असते. माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य, हा नियम वर्षाच्या सर्व दिवसांचा आहे. लक्षात ठेवण्याचे काम त्याने केवळ मनावर सोपविलेले नाही. ज्यांच्या गळ्यात माळ नाही त्यांनीही एखादी लहानशी खूण स्वतःसाठी ठरवावी. सूर्यास्तानंतर लवकर जेवणे, आठवड्यातून एक दिवस तळलेले न खाणे, गोड केवळ नैवेद्यापुरतेच घेणे, यांपैकी जे झेपेल ते एकच पत्करावे. परंतु पत्करलेले सोडू नये. एखादे दिवशी नियम मोडला तर आता सर्वच गेले असे मानून हात सोडू नयेत. दुसऱ्या दिवशी स्नान करून श्रींस नमस्कार करावा आणि नियम पुढे चालू करावा.

ज्यांस मधुमेह आहे, जे इन्शुलिन अथवा नित्य औषधे घेतात, तसेच गर्भवती भगिनी आणि अतिवृद्ध यांनी उपवासापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रकृतीस मानवत नसेल तर फलाहार, एकभुक्त किंवा केवळ नामस्मरण यानेही व्रत घडते. अंबरीषाचे व्रत घोटभर पाण्याने पूर्ण झाले, हे सर्वांनी स्मरणात ठेवावे. देवास भक्ताचा देह कष्टी झालेला प्रिय नाही.

महाप्रसादाच्या पंगतीतही हेच सूत्र पाळावे. हवे तेवढेच वाढून घ्यावे, घेतलेले टाकू नये. अन्नदानासाठी देणगी देणाऱ्या भाविकांनी आपल्या दानाचा एक वाटा आपल्या जिभेकडूनही घ्यावा. व्रतात जो पदार्थ सोडला त्याचे द्रव्य बाजूस काढून एखाद्या भुकेल्याच्या मुखी घास जावा, म्हणजे उपवास आणि अन्नदान ही एकाच व्रताची दोन अंगे होतील.

भाविकांचे उपवास निर्विघ्न पार पडोत, त्यांची पारणी सुखाची होवोत, आणि पारण्यानंतरच्या प्रत्येक साध्या दिवशी त्यांच्या ताटात प्रसादबुद्धी नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥